बाळाच्या आतड्याचा रिपोर्ट आणि सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन : रेट जनुकाबद्दल एका आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीच्या एका आईचा मुलगा आता चार वर्षांचा आहे. जन्मल्यावर दोन दिवस त्याला शी झाली नाही, पोट फुगलं, बायॉप्सीत हिर्शस्प्रुंगचा आजार निघाला आणि परळला ऑपरेशन झालं. मध्यंतरी डॉक्टरांनी जनुकीय तपासणी करायला सांगितली. रिपोर्टात रेट जनुकात ६२० व्या जागी सिस्टीनऐवजी आर्जिनीन हे अमिनो आम्ल आल्याचं लिहिलंय, शेरा ‘रोगकारक’ आणि खाली थायरॉईडच्या कॅन्सरचा उल्लेख. आई विचारते: आतड्याचा थायरॉईडशी संबंध काय? मुलाला कॅन्सर होणार का? हे माझ्याकडून आलं का? दुसरं मूल मुलगी असेल तर धोका टळेल का? नणंदेचं लग्न ठरतंय, तोवर कुणाला काही सांगू नये असं सासूबाई म्हणतात, ते बरोबर आहे का? आणि जाता जाता एक ओळ: सासऱ्यांच्या बहिणीचं गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, काही वर्षांत त्या गेल्या, सासऱ्यांना बीपी आणि मुतखडा आहे, पुढच्या महिन्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे.

ताई, तुम्ही जे विचारलंच नाही तिथून सुरुवात करते, कारण तेच सगळ्यात आधी करायचं आहे. सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन सध्या पुढे ढकला. त्यांना भूल देण्याआधी ‘प्लाझ्मा फ्री मेटानेफ्रिन’ ही रक्ताची किंवा २४ तासांच्या लघवीतली मेटानेफ्रिनची तपासणी झालीच पाहिजे. मुलातला बदल सासऱ्यांकडून आला असेल, आणि आत्यांच्या गळ्याच्या गाठीमुळे तशी दाट शंका येते, तर त्यांच्या किडनीच्या वरच्या ॲड्रिनल ग्रंथीत ‘फिओक्रोमोसायटोमा’ नावाची गाठ असू शकते. ही गाठ ॲड्रिनॅलिनच्या जातीची द्रव्यं रक्तात सोडते, आणि मेटानेफ्रिन त्यांच्यापासूनच बनतं. एरवी माणूस बीपीच्या गोळ्या घेत, अधूनमधून घाम फुटतो, छाती धडधडते म्हणत वर्षानुवर्षं काढतो. पण भूल देताना किंवा पोटात हात घालताना तीच गाठ एकदम इतकं रसायन ओतते की बीपी हाताबाहेर जातं. ‘साधं ऑपरेशन होतं, टेबलावरच गेले’ अशा हकिकती घराण्यात असतील तर मी त्या नेहमी खोदून विचारते.

साठीच्या माणसाला बीपी आणि मुतखडा असणं यात विशेष काही नाही, हे मलाही माहीत आहे. बहुधा मेटानेफ्रिन नॉर्मलच येईल. पण ही तपासणी काही दिवसांत होते आणि हर्निया थांबू शकतो. जनुकीय रिपोर्ट यायला आठवडे लागतील, त्याची वाट बघू नका. रक्त देण्याआधी सासऱ्यांना थोडा वेळ निवांत आडवं झोपवतात. ते पॅरासिटामॉल किंवा नैराश्यावरच्या गोळ्या घेत असतील तर आधी सांगा, काही पद्धतींत आकडा खोटा वाढलेला दिसतो. आणि सर्जनना ‘बीपी आहे’ एवढंच सांगू नका. नातवाचा रिपोर्ट त्यांच्या हातात द्या, भूलतज्ज्ञांनाही दाखवा. गाठ निघालीच तर आधी अल्फा ब्लॉकर गटाची औषधं देऊन बीपी ताब्यात आणतात, ॲड्रिनलची गाठ काढतात आणि बाकीचं नंतर. अल्फा ब्लॉकरच्या आधी नुसता बीटा ब्लॉकर सुरू करणं अशा रुग्णाला घातक ठरू शकतं. म्हणूनच निदान आधी हवं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. आतड्याचा थायरॉईडशी संबंध काय?

रेट हे जनुक १० व्या गुणसूत्रावर आहे. १९८५ मध्ये ताकाहाशी आणि कूपर यांनी ते शोधलं, तेही प्रयोगशाळेत पेशींना कॅन्सरसारखं वाढायला लावणारं जनुक म्हणून. त्यातून बनणारं प्रथिन पेशीच्या आवरणातून आरपार बसलेलं असतं: एक टोक बाहेर, एक आत. बाहेरचं टोक निरोप घेतं, आतलं टोक टायरोसिन किनेज आहे, म्हणजे प्रथिनांतल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम. निरोप आणणाऱ्यांत मुख्य आहे जीडीएनएफ हे वाढीचं प्रथिन. पण ते थेट रेटला धरत नाही. आधी ते जीएफआर-अल्फा-१ नावाच्या साथीदाराला चिकटतं आणि ही जोडी रेटचे दोन रेणू जवळ आणते. जवळ आले की ते एकमेकांच्या टायरोसिनवर फॉस्फेट चढवतात. त्या जागांवर आतली इतर प्रथिनं येऊन बसतात. १०६२ क्रमांकाच्या टायरोसिनपासून निरोपाच्या दोन मोठ्या वाटा निघतात. एक रास आणि ईआरकेची, ती पेशीला विभाजन कर म्हणते. दुसरी पीआय-३ किनेज आणि एकेटीची, ती मरू नकोस म्हणते.

गर्भात पाचव्या ते सातव्या आठवड्याच्या सुमारास मेंदू आणि मज्जारज्जू बनतात तिथल्या कडेच्या पेशी निघतात आणि अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत संपूर्ण आतड्यात पसरत जातात. आतडं जीडीएनएफ सोडत असतं, आणि या पेशी त्यांच्या रेटच्या जोरावर त्या दिशेने सरकतात, वाढतात, जगतात. पुढे त्यांच्याच चेतापेशी होतात आणि त्या आतड्याला लाटा काढायला शिकवतात. पुरेसा निरोप मिळाला नाही तर पेशी शेवटपर्यंत पोचत नाहीत. आतड्याचा शेवटचा भाग चेतापेशींशिवाय राहतो, आकुंचन पावलेलाच राहतो, आणि त्याच्या वरचं आतडं फुगतं. हाच हिर्शस्प्रुंग. साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळाला तो होतो, आणि शेवटच्या छोट्या भागापुरता मर्यादित असतो तेव्हा मुलींपेक्षा मुलांत सुमारे चौपट दिसतो. ज्या उंदरांत हे जनुक पूर्ण बंद केलं त्यांच्या आतड्यात चेतापेशी नव्हत्या आणि किडन्याही बनल्या नाहीत किंवा अर्धवटच बनल्या, हे १९९४ मध्ये दिसलं. म्हणून तुमच्या मुलाच्या किडनीची एक सोनोग्राफी झाली नसेल तर करून घ्या, साधी गोष्ट आहे.

थायरॉईडचं उलट आहे. थायरॉईडमध्ये हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या आजूबाजूला सी-पेशी असतात, त्या कॅल्सिटोनिन बनवतात. त्यांच्यातही रेट असतं. तिथे रेट निरोपाशिवायच चालू राहिलं तर सी-पेशी वाढत जातात आणि मेड्युलरी कॅन्सर होतो. ॲड्रिनलच्या गाभ्यातल्या पेशींचं असंच, आणि काही घराण्यांत थायरॉईडच्या मागच्या पॅराथायरॉईड ग्रंथीही वाढतात. त्यामुळे रक्तात कॅल्शियम चढतं आणि मुतखडे होतात. सासऱ्यांच्या मुतखड्याकडे मी दुर्लक्ष करत नाही ते यासाठी. मेटानेफ्रिनबरोबर कॅल्शियम आणि पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉईडचं हार्मोन, करून घ्या. या सगळ्या समूहाला एमईएन-२ए म्हणतात. १९९३ मध्ये त्याचं कारण रेटमध्ये सापडलं, आणि पुढच्याच वर्षी हिर्शस्प्रुंगचंही.

म्हणजे एक आजार रेट कमी पडल्याने, दुसरा रेट जास्त चालल्याने. मग एकाच बदलाने दोन्ही कसे होतात? तुमच्या रिपोर्टातली ६२० ही जागा नेमकी इथे महत्त्वाची आहे. रेटच्या बाहेरच्या भागात सिस्टीनचा एक पट्टा आहे, आणि सिस्टीन जोडीजोडीने एकमेकांना धरून बसतात. त्यातला एक गेला की त्याचा जोडीदार मोकळा राहतो, आणि ब्लाउजचं सुटं हूक दुसऱ्याच कपड्यात अडकावं तसा तो शेजारच्या रेटच्या मोकळ्या सिस्टीनला अडकतो. दोन रेट कायमचे जोडले जातात, जीडीएनएफ असो वा नसो, निरोप चालूच. सी-पेशीत हे कॅन्सरकडे नेतं. पण ६०९, ६११, ६१८ आणि ६२० या जागांवर सिस्टीन गेला की प्रथिनाची घडीही बिघडते. बरंचसं प्रथिन पेशीच्या आतच अडकतं, आवरणापर्यंत थोडंच पोचतं. आतड्याकडे निघालेल्या गर्भातल्या पेशींना निरोप भरपूर लागतो, त्यांना हे थोडं रेट पुरत नाही. सी-पेशींना मात्र वर्षानुवर्षं हळूहळू वाढायला तेवढं पुरतं. म्हणून या चार जागांवर बदल असलेल्या घराण्यांत एकाच माणसाला दोन्ही आजार होऊ शकतात. ६३४ व्या जागेचा सिस्टीन गेला तर प्रथिन आवरणापर्यंत नीट पोचतं, तिथे थायरॉईड आणि ॲड्रिनलचा त्रास जास्त लवकर आणि जास्त जोरात येतो, हिर्शस्प्रुंग मात्र सहसा नसतो.

हे जनुक शरीरात आणखी कुठेकुठे कामाला लागतं याचं मला आजही नवल वाटतं. गरोदरपणी वाढणारं जीडीएफ-१५ नावाचं हार्मोन उलट्यांना कारण ठरतं, आणि मेंदूच्या तळाशी त्याचा निरोपही रेटच पेशीच्या आत पोचवतं. २०१७ पर्यंत हे कुणाला ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण मुंबईत आता पॅनेल टेस्ट, म्हणजे एकदम अनेक जनुकांच्या तपासण्या, सर्रास होतात आणि रिपोर्ट घेऊन घाबरलेले पालक भेटतात. रेटमधला प्रत्येक बदल असा नसतो. ६९१ व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरीन हा बदल कितीतरी निरोगी लोकांत असतो, त्याने काही होत नाही. ७९१ व्या जागेचा एक बदल बरीच वर्षं रोगकारक समजला जात होता, त्यापायी लोकांचे थायरॉईड काढले गेले, आणि नंतर तो निरुपद्रवी ठरला. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असलेल्या बदलावर कुणी थायरॉईड काढायला सांगत असेल तर मी दुसरं मत घ्या म्हणेन. उलट बाजूही आहे. हिर्शस्प्रुंगच्या बहुतेक मुलांत तुमच्यासारखा एकच ठळक बदल सापडत नाही. त्यांच्यात रेटच्या पहिल्या इंट्रॉनमधला, म्हणजे ज्यातून प्रथिन बनत नाही अशा तुकड्यातला, एक सर्वसामान्य फरक धोका थोडा वाढवतो. तो आशियाई लोकांत जास्त आढळतो, आणि त्याने जनुकाचं उत्पादन फक्त कमी होतं. त्याचा कॅन्सरशी संबंध नाही. अरविंदा चक्रवर्ती यांच्या गटाने २००५ मध्ये हे दाखवलं. म्हणजे हिर्शस्प्रुंग झालेल्या प्रत्येक बाळाच्या आईने थायरॉईडची धास्ती घ्यायची नाही. तुमच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याचा बदल ६२० चा आहे आणि तो खात्रीने रोगकारक आहे.

मुलाला कॅन्सर होणार का? थायरॉईड तसाच ठेवला तर पुढेमागे मेड्युलरी कॅन्सर होण्याची शक्यता मोठी आहे. हे मी सौम्य करून सांगणार नाही. पण हा आजार इतक्या आधी कळणं आणि तो होण्याआधीच जागा काढून टाकता येणं, ही संधी कॅन्सरच्या जगात फार थोड्या लोकांना मिळते. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ६२० चा बदल ‘मध्यम धोका’ या गटात आहे. ९१८ व्या जागेचा बदल सगळ्यात तीव्र, त्यात बाळ वर्षाचं व्हायच्या आत थायरॉईड काढायला सांगतात. ६३४ असेल तर पाच वर्षांपर्यंत. मध्यम गटात साधारण पाचव्या वर्षापासून दरवर्षी तपासणी, गळ्याची सोनोग्राफी आणि रक्तातलं कॅल्सिटोनिन, आणि ते वाढू लागलं की ऑपरेशन. वर्षानुवर्षं तपासण्यांचा ताण नको म्हणून काही आईवडील आधीच ऑपरेशन करून घेतात, तेही चुकीचं नाही. माझं मत विचाराल तर तुमच्या मुलाचं आतड्याचं एक मोठं ऑपरेशन आधीच झालंय, कॅल्सिटोनिन नॉर्मल आलं तर घाई नको. पण तपासणीची तारीख एकदाही चुकता कामा नये, आणि तेवढं जमणार नाही असं वाटत असेल तर ऑपरेशन लवकर करणंच बरं. मध्यम गटात ॲड्रिनल आणि पॅराथायरॉईडची तपासणी सोळाव्या वर्षापर्यंत सुरू करायची असते. पण त्याला मधे कधीही भूल द्यावी लागली, अगदी दातांसाठी, तरी आधी डॉक्टरांना हे सांगायचंच.

ऑपरेशनची वेळ आली तर ज्यांच्या हातून लहान मुलांच्या थायरॉईडची ऑपरेशनं नियमित होतात अशाच सर्जनकडे जा, मग प्रवास लांबचा का असेना. चिंता थायरॉईड जाण्याची नसते. थायरॉक्सिनची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी दिली की मूल नीट वाढतं, शिकतं, खेळतं. चिंता थायरॉईडच्या मागच्या चार इवल्या पॅराथायरॉईडची असते. त्या दुखावल्या तर कॅल्शियम आयुष्यभर सांभाळत बसावं लागतं.

काही लोक तुम्हाला सांगतील, थायरॉईडचा कॅन्सर ना, मग आयोडीनचा डोस घेतला की बरा होतो. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये किरणोत्सारी आयोडीनने हजारो रुग्ण बरे झाले आहेत, हे खरंच आहे. पण ते पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कॅन्सरचं. त्या पेशी आयोडीन शोषतात, सी-पेशी शोषत नाहीत. मेड्युलरीवर आयोडीनचा उपयोग नाही, कोबी बंद करून किंवा मीठ बदलूनही काही होत नाही. पसरलेल्या आजारासाठी आता रेटवर नेम धरणारी औषधं आहेत. सेलपरकॅटिनिब आणि प्रालसेटिनिब यांना अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली, त्यातली प्रालसेटिनिबची मेड्युलरी कॅन्सरसाठीची मान्यता २०२३ मध्ये कंपनीनेच तिथे मागे घेतली. वर सांगितलं ना, आतलं टोक टायरोसिन किनेज आहे, ती औषधं त्याच खाचेत बसून फॉस्फेटचं काम बंद पाडतात. आजार पसरला असेल तेव्हा ती मोठा आधार आहेत. निरोगी मुलाला ‘खबरदारी म्हणून’ ती देत नाहीत.

हे तुमच्याकडून आलं का? बहुधा नाही, पण आलं असतं तरी त्यात तुमचा दोष काय? गरोदरपणी तुम्ही काय खाल्लंत, ग्रहण पाळलं की नाही, याचा काडीचा संबंध नाही. आत्यांमुळे बोट तुमच्या यजमानांच्या बाजूकडे जातं, तरी रक्त दोघांनीही द्या. थोड्या घरांत बदल मुलातच नव्याने झालेला असतो. आता पूर्ण पॅनेल नको, फक्त तो एक बदल तपासायचा आहे, त्याचा खर्च पॅनेलपेक्षा कमी येतो. यजमानांत निघाला तर सासऱ्यांची तपासणी, सासऱ्यांत निघाला तर त्यांच्या प्रत्येक मुलात तो असण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. यजमान ठणठणीत आहेत, त्यांना कधी पोटाचा त्रास नव्हता, यावरून काही ठरत नाही. बदल असूनही आतडं व्यवस्थित असणारी माणसं पुष्कळ असतात, कॅल्सिटोनिन मात्र त्यांनाही करावंच लागतं.

दुसरं मूल मुलगी असेल तर? हिर्शस्प्रुंगचा धोका मुलीला थोडा कमी, थायरॉईडचा तेवढाच. तेव्हा मुलगा-मुलगी या वाटेने विचार करूच नका. गर्भाचं लिंग तपासणं तर आपल्याकडे गुन्हाच आहे. गर्भ राहण्याआधी आयव्हीएफमध्ये भ्रूण तपासून बदल नसलेला भ्रूण ठेवता येतो, किंवा गर्भ राहिल्यावर वारेतला नमुना घेऊन हाच एक बदल बघता येतो. दोन्हीसाठी यजमानांचा रिपोर्ट आधी हातात हवा. यातलं काहीही न करता मूल होऊ देणं आणि जन्मल्यावर तपासणं, हाही मार्ग आहे आणि अनेक जोडपी तोच घेतात.

आता नणंद. सासूबाईंची भीती मी समजू शकते. मुलीचं लग्न ठरताना घरात ‘कॅन्सर’ हा शब्द नको, हे मी या खोलीत पुष्कळ आयांकडून ऐकलंय. पण इथे त्यांच्याशी मी सहमत नाही. नणंदेत हा बदल असेल आणि तिला ठाऊक नसेल, तर लग्नानंतर ती गरोदर राहील आणि फिओक्रोमोसायटोमाची गाठ लपलेली असेल तर बाळंतपणात तिचा आणि बाळाचा दोघांचाही जीव धोक्यात येऊ शकतो. गरोदरपणातलं बीपी म्हणून ते सहज खपून जातं. तिला लग्नाआधी सांगा, पण मांडवात नव्हे आणि स्थळासमोर नव्हे. ती सज्ञान आहे, हा तिचा रिपोर्ट आहे, होणाऱ्या नवऱ्याला कधी आणि किती सांगायचं ते तीच ठरवेल. सासूबाईंना घेऊन एकदा जनुकीय समुपदेशकाकडे या. सुनेच्या तोंडून ऐकण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकणं त्यांना सोपं जाईल, आणि निम्मी शक्यता म्हणजे ती सुटण्याचीही निम्मी आहे, हेही त्यांना कळेल. बदल नाही निघाला तर तिला आयुष्यभर एकही तपासणी नको, तिच्या मुलांनाही नको.

येताना आत्यांचे जुने कागद शोधून आणा. ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टात ‘मेड्युलरी’ हा शब्द असला तर बदल कुठल्या बाजूने आला ते जवळजवळ ठरतं. कागद हरवले असतील तर ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथे विचारा, मेणात बसवलेला गाठीचा तुकडा काही ठिकाणी बरीच वर्षं जपून ठेवतात. आत्यांची मुलं कुठे आहेत तेही बघा, त्यांनाही हा निरोप लागू आहे. आणि कॅल्सिटोनिनचं रक्त घरी येऊन नेणाऱ्यांकडे देऊ नका. ते उन्हात, गाडीच्या डिकीत तासभर राहिलं की कॅल्सिटोनिन मोडतं आणि आकडा खोटा कमी येतो. उपाशीपोटी थेट मोठ्या लॅबमध्ये जाऊन द्या, नमुना लगेच थंड ठेवा म्हणून सांगा, आणि पुढच्या वर्षीही त्याच लॅबमध्ये करा, म्हणजे दोन आकड्यांची तुलना करता येईल.